आठ लिहून टाकू का?

परवा रात्री भाचीचा फोन आला. एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल, उद्या सबमिशन. "मावशी, उत्तर सहा येतंय, पुस्तकात आठ आहे. आठ लिहून टाकू का?"

हसू आलं, आणि मग जरा लाजच वाटली. कारण पंचवीस वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं. जर्नलवर 'व्हेरी गुड' असा शेराही मिळाला होता!

प्रयोग साधा आहे. सोडियम डोडेसिल सल्फेट हा शाम्पू-टूथपेस्टमध्ये असतो तसला फेसाळ पदार्थ. पाण्यात थोडा असला की त्याचे रेणू सुटे फिरतात. प्रमाण वाढवत नेलं की एका टप्प्यावर साधारण साठेक रेणू एकत्र येतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. हा पुंजका म्हणजे मिसेल. २५ अंश सेल्सिअसला हा टप्पा लिटरमागे सुमारे ८ मिलिमोलला येतो. पण पुंजके डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून पाण्यात चिमूटभर मिथिलीन ब्लू घालायचा आणि त्याचा रंग कुठे पालटतो ते बघायचं. थोडक्यात, रंगाला साक्षीला उभं करायचं.

गोची इथेच आहे. हा साक्षीदार तटस्थ नाही! मिथिलीन ब्लूवर धन भार, डोडेसिल सल्फेटवर ऋण. दोघं एकमेकांकडे ओढले जाणारच. मिसेल व्हायच्या आधीच हे रेणू रंगाभोवती जमतात, रंगाचे रेणूही एकमेकांना चिकटतात, आणि ६६४ नॅनोमीटरचं शोषण घटतं. पुढे मिसेल पुरेसे झाले की रंगाचे रेणू त्यांच्यात वाटले जातात, सुटे होतात आणि ते शोषण परत वाढतं. म्हणजे रंग नुसता बघत बसत नाही, गर्दी जमवायला हातभार लावतो.

हे काही नवीन नाही. १९४०च्या दशकात कॉरिन आणि हार्किन्स यांनी पिनासायनॉल नावाचा रंग वापरून ही पद्धत रूढ केली. १९५५ साली मुखर्जी आणि मायसेल्स यांनी दाखवून दिलं की या पद्धतीने आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो, कारण रंग आणि साबण यांचं आधीच जमतं. म्हणजे माझ्या विद्यार्थीदशेच्या कितीतरी आधी! पण आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत त्याबद्दल चकार शब्द नव्हता. होतं ते फक्त 'अपेक्षित उत्तर'.

माझं मत विचाराल तर या प्रयोगातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तो 'चुकलेला' सहाच आहे. आठ तर पुस्तकात आहेच. तो लिहून आपण मुलांना रसायनशास्त्र शिकवत नाही, वरच्याला हवं ते लिहून द्यायला शिकवतो. आणि ही सवय प्रयोगशाळेबाहेरही टिकते हो, अनुभवाने सांगते.

भाचीला म्हटलं, सहाच लिही. वेळ मिळाला तर रंग निम्मा करून परत बघ. आकडा आठकडे सरकला तर चोर रंगातच आहे. नाही सरकला तर नमुन्याची शुद्धता तपास. आणि रंग न घालता विद्युतवाहकता मोजून ताळा करून घे.

"मार्क कापले तर?"

"कापू देत," म्हटलं खरं. पण त्या वयात मला हे कुणी सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं का?