ढोलकी कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, मोर्चात गाणी आपण रचतो, म्हणतो, टाळ्या आपण देतो. ढोलकीला मात्र कुणाच्या तरी भावाला बोलावतो. घाटकोपरच्या आमच्या गटात वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. एकदा ऐन कार्यक्रमाला तो भाऊ आलाच नाही. टाळ्यांवर वेळ मारून नेली, पण लाज वाटली.

मग एकीच्या माळ्यावरून तिच्या सासऱ्यांची भजनातली ढोलकी खाली आली. लाकूड खणखणीत, पुडी फाटलेली, दोरी कुजलेली. दुरुस्त करणारा म्हणाला, "बाईच्या हाताला हे पेलायचं नाही." रोज कणीक तिंबणारे, पाण्याच्या बादल्या जिन्यावरून वर नेणारे हात! शाईच्या बाजूवर बोटं चालवायची, धुम्यावर तळहात, आणि पावसात कातडं सैल पडलं की दोरीतल्या कड्या सरकवून ताण द्यायचा, एवढं त्याच्याच दुकानात बसून शिकलो. पहिले पंधरा दिवस बोटं सुजली, हे खरं.

बघा ना, तमाशाच्या फडाला नाव ढोलकीचं. विठाबाई नारायणगावकरांनी फड गाजवला, तरी ढोलकी पुरुषाच्याच कमरेला. जागरणात डिमडी वाघ्याकडे, मुरळीकडे घाटी. आपल्या वाट्याला आलं ते मंगळागौरीचं सूप, लाटणं, घागर. पण १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटण्यांनी थाळ्या बडवत रस्त्यावर आल्या, तो ताल सरकारला ऐकावाच लागला. आणि याच मुंबईत आबान मिस्त्री (१९४०–२०१२) एकटीनं तबल्याची मैफल करत होत्या, तबल्याच्या घराण्यांवर ग्रंथ लिहीत होत्या.

एक गोष्ट मात्र खटकते. हल्ली मुलुंड-अंधेरीच्या फ्लॅटमध्ये जुनी हलगी, संबळ शोभेला भिंतीवर टांगतात. हलगी बडवणं हे गावानं महार-मांगांवर लादलेलं काम होतं, आंबेडकरी चळवळीत अनेकांनी ते स्वाभिमानानं सोडलं. हे ठाऊक नसताना ती टांगायची कशी? आमच्यातली एक म्हणाली, "माझ्या आजोबांनी हलगी टाकली, मी ती उचलणार नाही." दुसरी म्हणाली, "आंबेडकरी जलशात ढोलकी होतीच की. सक्तीनं वाजवणं वेगळं, आपल्या गाण्यासाठी वाजवणं वेगळं." दोघीही दलित वस्तीत वाढलेल्या. वाद मिटलेला नाही, आणि तो आम्ही सवर्ण बायकांनी मिटवायचाही नाही. हलगी गटात आणलेली नाही. पहिली आता ढोलकीवर सगळ्यात पुढे आहे.

चौघींचा केरवा बसलाय. शनिवारी दुपारी सराव असतो, शेजारी कुरकुरतात. तुमच्या माळ्यावर जुनी ढोलकी असेल, तर भंगारात घालण्याआधी आम्हाला कळवा. फाटकी असली तरी चालेल.