सुट्टी दवाखान्यातून, दम्यातून नव्हे!



गोडादरा, डिंडोली, लिंबायत या आपल्या भागात धूळ आणि दाटीवाटी नवी नाही. मुलाला धाप लागली की आईबाप रात्री-अपरात्री दवाखाना गाठतात. ऑक्सिजन, वाफ मिळते, मूल सावरते आणि सुट्टी होते. खरी अडचण येथूनच सुरू होते. हातात कागद असतो, पण पंप कसा ओढायचा हे कित्येकांना कोणी करून दाखवलेले नसते. मूल खेळू लागले की 'पंपाची सवय लागेल' या भीतीने तो बंद होतो, आणि पुन्हा तोच दवाखाना!

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. सल्बुटामॉलचा पंप नळी तात्पुरती मोकळी करतो; सूज आटोक्यात ठेवतो तो बुडेसोनाइडसारखा रोजचा पंप. 'गिना' ही दम्याविषयीची जागतिक संस्था सांगते, की सुट्टीनंतर मुलाची एक-दोन दिवसांत फेरतपासणी व्हावी व घरच्यांना लेखी सूचना मिळाव्यात. यात खर्च फारसा नाही. पंपाला जोडायचा स्पेसर नसेल, तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली पंपाला घट्ट बसवूनही काम भागते, हे दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिले.

२०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत दाखल रुग्णाच्या सुट्टीनंतरची १५ दिवसांची औषधे व तपासण्याही धरलेल्या आहेत. आपल्यापैकी किती कार्डधारक ती मागतात?

स्मीमेर रुग्णालय महानगरपालिकेचे आहे. आपली दुसरी-तिसरी पिढी येथे कर भरते, मतदान करते. तेव्हा आपल्या नगरसेवकांकडे आमच्या तीन मागण्या आहेत :

१) आईने स्वतःच्या हाताने पंप देऊन दाखवल्याशिवाय मुलाला सुट्टी देऊ नये.

२) रोजचे औषध कोणते, धाप वाढल्यास काय करावे व केव्हा धावत यावे, हे मराठीत लिहून द्यावे. महापालिका मराठी शाळा चालवते, निवडणुकीत मराठी पत्रके वाटली जातात. मग हा एक कागद जड का?

३) फेरतपासणीची तारीख सुट्टीच्या कागदावरच असावी व जवळच्या हेल्थ सेंटरला कळवावी.

आपलेही कर्तव्य आहेच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा पंप बंद करू नका आणि घरात बिडी ओढू देऊ नका. मते मागायला येणाऱ्यांना रस्ता, गटार याबरोबर आता हेही विचारा!