परत तेच गाव कशाला?



दुसऱ्यांदा फ्लोरेन्सला निघाले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "ते बघून झालंय की! परत कशाला?" परदेशातलं गाव एकदा पाहिलं की आपण ते यादीतून खोडून टाकतो. पण कुंभोजच्या बाहुबलीला आपण किती वेळा जातो! तिथं नाही कुणी "बघून झालंय" म्हणत.

माझं म्हणणं साधं आहे. नवा देश धरण्याआधी पाहिलेल्या एखाद्या गावाला सवडीनं परत जावं.

बारा वर्षांपूर्वी टूरबरोबर गेले तेव्हा फ्लोरेन्सच्या वाट्याला तीन तास आले. कॅथेड्रलचा घुमट, पुलावरची सोनारांची दुकानं, फोटो, आणि दिवस मावळायच्या आत जेवण गाठायला बसकडं पळापळ. यंदा लेकीबरोबर चार दिवस राहिले. स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेतली, खिचडी घरीच केली. एक अख्खी सकाळ आपल्या महाराजांसाठी राखून ठेवली.

होय, आपल्याच. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडचा दौरा करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तिथं दहनाची रीत नव्हती. खास परवानगी घेऊन काशिने बागेच्या पश्चिम टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली, आत महाराजांचा अर्धपुतळा आहे. शेजारचा मोठा पूलही 'इंडियानो' याच नावानं ओळखला जातो.

माझी लेक आज तेवढ्याच वयाची आहे, पुढच्या वर्षी शिकायला परदेशी जाणार. ती छत्रीपाशी बराच वेळ गप्प उभी होती. मीही काही बोलले नाही. तीन तासांच्या फेरीत असा वेळ कुठून मिळणार?

खर्चाचं म्हणाल, तर दहा दिवसांत सात देश पळत बघण्यापेक्षा एका गावात राहणं काही महाग पडत नाही. शिवाय पहिल्या फेरीत 'हे राहिलं, ते राहिलं' ही धास्ती असते. दुसऱ्या फेरीत ती नसते, म्हणून मन लागतं.

कुणी फ्लोरेन्सला जाणार असाल, तर गावातून नदीकाठानं तासभर चालायची तयारी ठेवा. आपलं माणूस आहे तिथं.