बँक ठेकेदारानं नाही, आपण निवडायची! पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या कामगार कुटुंबांना जाहीर आवाहन



ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आयसीआयसीआय बँकेचा निर्णय जाहीर झाला. 1 ऑगस्ट 2025 पासून महानगर आणि शहरी शाखांत जो नवं बचत खातं उघडेल, त्यानं महिन्याला सरासरी 50 हजार रुपये शिल्लक ठेवावी! आधी ही अट 10 हजारांची होती. देशभर ओरड झाली, तेव्हा 13 ऑगस्टला बँकेनं आकडा 15 हजारांवर आणला आणि ग्राहकांना दिलासा मिळाल्याच्या बातम्या आल्या. कसला दिलासा? दहाचे पंधरा झाले ते झालेच. शिल्लक कमी पडली तर कमी पडलेल्या रकमेच्या 6 टक्के किंवा 500 रुपये, यातलं जे कमी असेल ते कापणार, वर 18 टक्के जीएसटी. चाकणच्या कंत्राटी पोराचा पगार हातात येतो तेव्हा त्यातून खोलीभाडं, मेसचे पैसे आणि गावाकडचं वजा करून 15 हजार शिल्लक राहतात का, हे एकदा कोणीतरी येऊन मोजावं.

त्याच आठवड्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा गुजरातमधल्या एका कार्यक्रमात म्हणाले, की किमान शिल्लक किती हवी हे ज्या त्या बँकेनं ठरवायचं आहे, तो नियामकाच्या कक्षेतला विषय नाही. ठीक आहे. बँक मोकळी असेल तर ग्राहकही मोकळा आहे. पण आपण मोकळ्या माणसासारखे वागतो का? हे पत्रक त्याच रागातून लिहिलं आहे.

आपल्या पट्ट्यात खातं कसं उघडलं जातं ते आठवा. भोसरी, तळवडे, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, कुठंही जा. नव्या ठेकेदाराकडं नाव लागतं, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स घेतल्या जातात, गेटच्या बाहेर बँकेचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो, सुपरवायझर म्हणतो ‘सह्या कर, पगार यातच येणार’. पोरगा सह्या करतो. किती पानांवर केल्या, कशावर केल्या, त्याला ठाऊक नसतं. सात महिन्यांनी ब्रेक मिळतो. दुसरा ठेकेदार, दुसरी बँक, दुसरं टेबल. पहिलं खातं तसंच राहतं. बहुतेक बँकांत सलग तीन महिने पगार जमा झाला नाही, की ते पगारखातं आपोआप साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लकेची अट लागू होते. त्यावर एटीएम कार्डाची वार्षिक फी, एसएमएसचे पैसे. गाडीच्या हप्त्याचा आदेश जुन्याच खात्यावर राहिला असेल तर हप्ता परत जातो, मग बँकही दंड लावते आणि फायनान्स कंपनीही लावते. तीन वर्षांत तीन ठेकेदार केलेल्या माणसाकडं तीन पासबुकं निघतात आणि तिन्ही गळत असतात.

आणखी एक गळती कुणाच्या लक्षातच येत नाही. पंतप्रधान जीवनज्योती विम्याचे वर्षाला 436 रुपये आणि सुरक्षा विम्याचे 20 रुपये. योजना वाईट नाहीत, घ्याव्यात. पण एका माणसाला त्या एकाच खात्यातून घेता येतात. तीन खात्यांतून तीनदा हप्ता कापला गेला तरी भरपाई एकदाच मिळते, जास्तीचा हप्ता गेला तो गेला. आपापली पासबुकं मे-जूनच्या नोंदींपाशी उघडून बघा.

ही रक्कम किरकोळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी सरकारनं संसदेत दिलेले आकडे वाचावेत. ऑगस्ट 2023 मध्ये अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी राज्यसभेत सांगितलं, की 2018 पासून सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका यांनी मिळून किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल 21 हजार 44 कोटी, एटीएमच्या जादा व्यवहारांपोटी 8 हजार 289 कोटी आणि एसएमएसपोटी 6 हजार 254 कोटी रुपये वसूल केले. बेरीज 35 हजार कोटींच्या वर! हे पैसे कोणी भरले? ज्याच्या खात्यात लाखभर पडून आहेत त्यानं हा दंड कधीच भरलेला नाही. ज्याच्याकडं शिल्लक नव्हती, त्याच्याकडूनच शिल्लक नसल्याचे पैसे घेतले गेले.

ऑगस्ट 2024 आठवतं का? लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे आले आणि आपल्या कितीतरी आयाबहिणी बँकेत गेल्यावर त्यांना कळलं, की मागच्या थकलेल्या शुल्कापोटी त्यातले पैसे कापून घेतले गेले. राज्यभरातून तक्रारी गेल्या, सरकारला बँकांना सूचना द्यावी लागली. त्या वेळी आपण संतापलो, चार दिवस बोललो आणि खातं मात्र तिथंच ठेवलं. हा दोष बँकेचा नाही, आपला आहे. स्पष्टच सांगतो.

आता बाजू पलटते आहे तेही बघा. स्टेट बँकेनं मार्च 2020 मध्येच बचत खात्याची किमान शिल्लकेची अट काढली. 2025 मध्ये कॅनरा बँकेनं 1 जूनपासून हा दंड बंद केला, पंजाब नॅशनल आणि बँक ऑफ बडोदानं 1 जुलैपासून, इंडियन बँकेनं 7 जुलैपासून. पोस्टाच्या बचत खात्याला फक्त 500 रुपये शिल्लक लागते आणि व्याज 4 टक्के मिळतं, स्टेट बँक बचत खात्यावर सध्या अडीच टक्के देते. मग 15 हजारांच्या अटीत मान अडकवून घ्यायचं कारण काय? चकचकीत शाखा, एसी आणि दारातला सुरक्षारक्षक? महाबँक 1935 साली पुण्यात स्थापन झाली, तिच्याबद्दल आपल्याला आपुलकी आहे, असावीच. पण तिथंही काउंटरवर उभं राहून शुल्काचा तक्ता मागा. आपली बँक आहे म्हणून न विचारता सही करायची नाही.

एक स्थानिक गोष्ट नीट समजून घ्या. बँका शाखेच्या ठिकाणाची लोकसंख्या बघून शिल्लकेची अट ठरवतात. 2011 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 17 लाखांच्या वर होती, म्हणून आपण महानगर. चाकणची सुमारे 41 हजार होती, म्हणजे ते अर्धशहरी. वर ज्या बँकेचं उदाहरण दिलं, तिथंच अर्धशहरी शाखेची नवी अट साडेसात हजार आहे आणि ग्रामीण शाखेची अडीच हजार. काम चाकणला आणि खातं मात्र ठेकेदाराच्या सोयीसाठी चिंचवडला असेल, तर दुप्पट अट तुमच्या डोक्यावर बसते. एटीएमच्या बाबतीत मात्र रिझर्व्ह बँकेच्या सहा महानगरांच्या यादीत पुणं नाही. त्यामुळे आपल्याकडं दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत आहेत, तीन नव्हेत. त्यापुढं 1 मे 2025 पासून व्यवहारामागं 23 रुपयांपर्यंत जातात.

नियम आपल्या बाजूनं आहेत, पण ते माहीत असलेला माणूस काउंटरवर उभा राहत नाही. 1 एप्रिल 2015 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: शिल्लक कमी पडली तर बँकेनं आधी कळवलं पाहिजे, भरायला एक महिना दिला पाहिजे, दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणातच लावला पाहिजे आणि केवळ त्या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. दोन वर्षं व्यवहार नसलेल्या निष्क्रिय खात्यावर हा दंड लावता येत नाही, ते पुन्हा सुरू करायलाही पैसे घेता येत नाहीत. एटीएममधून पैसे न निघता खात्यातून कापले गेले तर पाच दिवसांत परत मिळाले पाहिजेत, नंतरच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. पासबुक मोफत द्यायचं आहे, फॉर्म आणि फलक मराठीतही असले पाहिजेत. ‘पासबुक छापायचं मशीन बंद आहे’ हे उत्तर महिनोन्‌महिने ऐकून घेऊन परत येणारे आपण, आपल्याला कोण विचारणार?

काउंटरवरची वागणूक हा शुल्काइतकाच मोठा मुद्दा आहे. रात्रपाळी करून आलेला माणूस तेलकट कपड्यांत उभा असतो, त्याला ‘ॲपवर करा’, ‘दुपारनंतर या’, ‘होम ब्रँचला जा’ असं सांगून हाकललं जातं. त्याच्या एका फेरीत अर्धा खाडा जातो. आईला नवऱ्याच्या पश्चात खात्यातले पैसे काढायचे असतील तर तिला मराठीत बसवून सांगणारा एक माणूस त्या शाखेत आहे का, हे बघून बँक ठरवा. मोबाइलवर सगळं होतं म्हणणाऱ्यांनी खात्यातून पैसे चोरीला गेल्यावर काय करणार ते सांगावं. अशा वेळी 1930 ला फोन करून लगेच बँकेला लेखी कळवावं लागतं. चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पण पोच द्यायला शाखेत माणूस लागतोच.

आता दुसऱ्या टोकाचा धोका. मोठ्या बँकेला वैतागून जास्त व्याजाच्या मागं धावू नका. आपल्या पिंपरीतल्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना 10 ऑक्टोबर 2022 ला रद्द झाला. त्याआधी तीनच आठवडे पुण्याची 1912 सालची रुपी बँक बंद झाली, तिचे ठेवीदार 2013 पासून निर्बंधांत अडकले होते. शिवाजीराव भोसले बँक 2021 मध्ये गेली. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंत आहे, फेब्रुवारी 2020 पर्यंत ते 1 लाखच होतं. आणि पतसंस्थेला हा विमा नाही, हे घराघरात सांगा. आयुष्याची पुंजी, पीएफचे पैसे, व्हीआरएसची रक्कम एका ठिकाणी, ओळखीच्या संचालकाच्या शब्दावर ठेवणाऱ्यांनी सेवा विकासच्या ठेवीदारांना एकदा भेटावं.

काही आक्षेप कानावर येतात. ‘बँका काय धर्मादाय आहेत का?’ नाहीत, म्हणून तर आपण फुकट मागत नाही, आधी दर सांगा म्हणतो. ‘झिरो बॅलन्स खात्याला इज्जत नसते.’ मूलभूत बचत खातं हा रिझर्व्ह बँकेनं दिलेला हक्क आहे, त्यात शिल्लकेची अट नाही, कार्ड मोफत, महिन्याला चार वेळा पैसे काढता येतात. ‘ठेकेदार ऐकणार नाही.’ कायदा म्हणतो पगार कामगाराच्या बँक खात्यात द्या. ते खातं अमुकच बँकेत हवं, असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. एकट्यानं मागितलं तर ठेकेदार ऐकणार नाही, हे खरं. म्हणूनच संघटना आहे. आपले कार्यकर्ते लेखी अर्ज घेऊन सोबत गेले की कापलेलं शुल्क परत मिळतं, हे आपण करून दाखवलं आहे. ग्राहक पंचायत 1974 साली बिंदुमाधव जोशींनी याच पुण्यात उभी केली, आपण त्याच जिल्ह्यातली माणसं आहोत.

गणपतीपाठोपाठ दिवाळीचा बोनस येतो. बोनस गळक्या खात्यात पडण्याआधी ही कामं करा:

1. घरातली सगळी पासबुकं, कार्डं काढा. बायकोची, आईची, गावाकडची, सगळी. प्रत्येक खात्याचं मागच्या वर्षभराचं विवरण काढून शुल्काच्या नोंदींखाली लाल रेघ मारा.

2. दोन खाती ठेवा, बाकीची लेखी अर्ज देऊन बंद करा, पोच घ्या. त्याआधी पीएफच्या यूएएनला, गॅसला, लाडकी बहीणला आणि हप्त्यांना कोणतं खातं जोडलंय ते बदलून घ्या. घाईत बंद केलं तर पीएफचा दावा परत येतो. हे पुन्हा वाचा.

3. नवं खातं उघडण्याआधी चार प्रश्न विचारा: किमान शिल्लक किती, कार्डाची फी किती, एसएमएसचे किती, पगार थांबला तर काय? उत्तर छापील तक्त्यात दाखवा म्हणा. तक्ता दाखवत नाहीत ती बँक सोडा.

4. वारसनोंद करा. आजच.

5. तक्रार तोंडी करायची नाही. लेखी द्या, 30 दिवस थांबा, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, 14448 वर माहिती मिळते.

6. प्रत्येक गणेश मंडळानं मंडपात एक टेबल, दोन शिकलेली मुलं आणि एक रजिस्टर द्यावं. मिरवणुकीच्या स्पीकरला पैसे निघतात, तर दहा दिवस एका टेबलाला जागा निघालीच पाहिजे. रजिस्टरमध्ये बँक, शाखा, कापलेली रक्कम आणि तारीख लिहा. आधार, पिन, ओटीपी कोणाचाही लिहायचा नाही, कार्यकर्त्यानं मागितला तरी द्यायचा नाही.

कायम कामगारांनो, तुमची पगारखाती मोठ्या कंपनीच्या करारातली आहेत, तुम्हाला शिल्लकेचा दंड माहीत नाही. पण तुमच्याच लाइनवर शेजारी उभा असलेला कंत्राटी पोरगा तो भरतो आहे. युनियनच्या पुढच्या मागणीपत्रात ‘खातं कामगाराच्या पसंतीच्या बँकेत’ हे एक वाक्य घाला. त्याला कंपनीचा एक रुपया खर्च नाही.

भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते आणि बँका चालू असतात. येत्या गुरुवारी पासबुकं घेऊन घराबाहेर पडा. एकटे जाऊ नका, लाइनवरचे पाच जण मिळून जा, आणि सही करण्याआधी शुल्काचा तक्ता हातात घ्या.