सुंठीचा लेप आणि जाहिरातींचा बाजार

मैत्रिणींनो, कपाळ पट्ट्याने आवळल्यासारखं दुखतंय, मान आखडलीय आणि तरी कामं चालूच, हे आपल्याला नवीन नाही. ताणाची ही डोकेदुखी पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होते. मग दुकानातली गोळी, नाहीतर टीव्हीवर पाहिलेलं एखादं ‘हर्बल’ तेल घरात येतं.

या जाहिरातींवरून मध्यंतरी बरंच घडलं. आयुर्वेदिक औषधाची जाहिरात करण्याआधी राज्याच्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्या, असं सांगणारा नियम १७० हा २०१८ साली आला. २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीला फटकारलं, कंपनीला पेपरांतून जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी केंद्राने नियम १७० वगळला. न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, पण ऑगस्ट २०२५ मध्ये ती उठली. खोट्या दाव्यांविरुद्ध १९५४ चा कायदा आहे, पण त्याचा बडगा जाहिरात झाल्यावर. आधीची चाळणी गेली, ती आता आपल्यालाच लावायची आहे.

म्हणून आजीबाईचा बटवा फेकायचा का? मुळीच नाही. सहाणेवर उगाळलेल्या सुंठीच्या लेपाने ऊब मिळते, त्या निमित्ताने घटकाभर आडवं पडणं होतं. आग झाली तर मात्र लगेच धुवा. पुदिन्याच्या तेलाची तर परीक्षाही झालीय. १९९६ साली जर्मनीत दहा टक्के तेलाचं द्रावण कपाळाला लावून पाहिलं, तेव्हा ते पॅरासिटामॉलच्या १००० मिलिग्रॅमच्या जवळपास उपयोगी ठरलं. अभ्यास छोटा, ४१ जणांचा. पण हे तेल नुसतं लावू नका, डोळ्यांपासून आणि तान्ह्या बाळापासून लांब ठेवा.

गोळ्यांचंही भान हवं. महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिने वेदनाशामक घेतलं, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

आणि काही दुखण्यांत लेपावर वेळ घालवायचाच नाही. अचानक उठलेली भयंकर कळ, तापाबरोबर ताठलेली मान, हातापायात कमजोरी, बोलणं अडखळणं, गरोदरपणात डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी: तडक दवाखाना गाठा.

शेवटी लेप दुखणं उतरवतो, ताण नाही. झोप, वेळेवर जेवण, चष्म्याचा नंबर आणि घरकामाची वाटणी, याची जाहिरात कुणीच करत नाही. ती आपणच घरात करायला हवी, नाही का?