तिच्या नकाराला बळ द्या
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील नागरिकांना आवाहन

उसाचा हंगाम लागला की आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे रस्ते रात्रभर जागे असतात. फडात टोळ्या उतरतात, कारखान्यांपुढे ट्रक-ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, महामार्गावर शिरवळपासून पेठनाक्यापर्यंत ढाबे आणि लॉज गजबजून जातात. घरापासून लांब मुक्काम करणारे पुरुष वाढतात आणि देहविक्रीवर पोट भरणाऱ्या स्त्रियांचं कामही वाढतं. म्हणून हे आवाहन आज, हंगामाच्या तोंडावर करत आहे. थांबायला वेळ नाही.

बंद खोलीत गिऱ्हाईक म्हणतं, "निरोध नको. हवं तर शंभर-दोनशे जास्त घे." ती नको म्हणाली तर तो दारूच्या तारेत हात उगारतो. आरडाओरडा केला तर लॉजवाला तिलाच बाहेर काढणार. पोलीस आले तर केस तिच्यावरच पडेल, अशी तिला धास्ती. खोलीचं भाडं थकलेलं, पोराची फी भरायची. एचआयव्ही कसा होतो हे या बाईला आपल्यापैकी बहुतेकांहून चांगलं ठाऊक असतं. तिच्याकडे माहिती आहे, निरोधही आहे. नकार देऊन सुरक्षित राहण्याची ताकद मात्र तिच्याकडे नाही, आणि ती आपण सगळ्यांनी मिळून हिरावून घेतलेली आहे.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, तर देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये ते त्याच्या कित्येक पटींनी जास्त आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता, की या कामावरची गुन्हेगारीची छाया दूर केली तर वेगवेगळ्या परिस्थितींत दहा वर्षांतल्या नव्या लागणींपैकी ३३ ते ४६ टक्के टळू शकतात. म्हणजे भीती हटवणं हाही मोठा उपाय आहे.

आणि हे जगाला दाखवून देणाऱ्यांत आपली सांगली होती. १९९२ साली मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने सांगलीच्या गोकुळनगरात काम सुरू केलं. वस्तीतल्या बायकाच निरोधाची पाकिटं घेऊन दारोदार फिरू लागल्या, एकमेकींना दवाखान्यात नेऊ लागल्या. १९९६ साली त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली : वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे 'व्हॅम्प'. मिरज, निपाणीपर्यंत हे जाळं पसरलं. दारुड्या गिऱ्हाइकाला आवरायचं कसं, मारहाणीची तक्रार न्यायची कुठे, वस्तीतले तंटे मिटवायचे कसे, हे त्यांनी एकीच्या बळावर ठरवलं. एकटीने निरोधाचा आग्रह धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जातं. अख्ख्या गल्लीने धरला तर त्याला ऐकावंच लागतं. आपल्याकडचा एड्स प्रतिबंध असा गल्लीच्या एकजुटीतून उभा राहिला.

ही एकजूट मोडायला एक छापा पुरतो. २००५ च्या मे महिन्यात गोकुळनगरवर मोठा छापा पडला आणि मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांवरच नाही नाही ते आरोप झाले. त्याच काळात अमेरिकेने एड्स निधीला अट घातली होती, की संस्थांनी वेश्याव्यवसायाच्या विरोधात लेखी भूमिका घ्यावी. ज्यांच्यासोबत काम करायचं त्यांच्याच विरोधात सही करणं 'संग्राम'ने नाकारलं आणि ते पैसे सोडले. छाप्यानंतर काय होतं, हे वस्तीत कुणीही सांगेल. बायका पांगतात. पत्ता न सांगता दुसऱ्या गावी जातात. चालू असलेल्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधाच्या गोळ्या तुटतात. पुरावा ठरेल या भीतीने निरोध पर्समध्ये ठेवणं बंद होतं.

आता तर छाप्याशिवायही काम पांगलं आहे. वस्तीतल्या खोल्यांतून ते मोबाइलवर, लॉजवर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेलं आहे. साताऱ्यात, कराडला, मिरजेत, इस्लामपुरात अशी बाई आपल्या शेजारी राहते आणि कुणाला पत्ता नसतो. तिच्या मागे गल्ली नाही, संघटना नाही. म्हणून जी जबाबदारी पूर्वी वस्तीने उचलली, ती आता गावाने उचलायला हवी.

कायदा काय म्हणतो, तेही नीट समजून घ्या. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याने कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या देहविक्रीच्या कमाईवर जगणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक गोळा करणं हे गुन्हे ठरवले आहेत. सज्ञान स्त्रीने स्वतःच्या मर्जीने हे काम करणं हा गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घटनेच्या २१ व्या कलमातला प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क या स्त्रियांनाही आहे. निरोध हा पुरावा धरू नये, माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये, राहण्याच्या पुराव्याविना त्यांना आधार कार्ड मिळावं, अत्याचार झाल्यास तातडीने उपचार मिळावेत, असे निर्देश न्यायालयाने दिले. अठरा वर्षांखालची मुलगी आणि फसवून वा जबरदस्तीने आणलेली बाई यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे गुन्हाच घडतो आहे आणि तो कळवणं आपलं कर्तव्य आहे.

म्हणून मी प्रत्येकाला नेमकं काम सांगतो.

लॉज आणि ढाबा चालवणाऱ्यांनो, काउंटरवर निरोध ठेवा. बाईने हाक मारली तर दार वाजवा, ११२ ला फोन करा, आणि आधी तिला सुखरूप बाहेर काढा.

घरमालकांनो, कामाचा सुगावा लागला म्हणून भाडं दुप्पट करू नका, रात्रीतून सामान रस्त्यावर टाकू नका.

पोलीस बंधू-भगिनींनो, २०२२ चे निर्देश ठाण्यातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. मारहाणीची किंवा बलात्काराची तक्रार घेऊन ती आली तर "तुझा धंदाच तो" असं म्हणून परत पाठवू नका. तक्रार नोंदवा.

डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंनो, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, गुपित फुटता कामा नये, उपचारात भेदभाव नाही. निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. तिला रांगेत ताटकळत ठेवलं तर ती वेळ निघून जाते.

शिक्षकांनो, मुलाच्या आईचं काम वर्गात चर्चेला येऊ देऊ नका. बापाच्या नावासाठी त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका. पत्रकारांनो, छाप्याच्या बातमीत तिचा चेहरा आणि पत्ता छापू नका. नगरसेवक आणि सरपंचांनो, रेशन कार्ड आणि आधार यांसाठी तिच्यासोबत कार्यालयात जा.

आणि जे पुरुष हे वाचत आहेत, त्यांना माझं सर्वांत कळकळीचं सांगणं आहे. पैसे दिलेत म्हणून तिच्या जिवावर हक्क मिळत नाही. निरोध वापरा, प्रत्येक वेळी. जास्त पैशाचं आमिष दाखवू नका, दमदाटी करू नका. आजार खोलीत राहत नाही, तो तुमच्यासोबत तुमच्या घरी, तुमच्या बायकोपर्यंत आणि पोटातल्या बाळापर्यंत जातो. आणि आजच तपासणी करून घ्या.

भिण्यासारखं काही नाही. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेचं शासकीय रुग्णालय, अशा सरकारी दवाखान्यांत समुपदेशन आणि तपासणी मोफत होते. एआरटीची औषधं २००४ पासून सरकार मोफत देतं. ती रोज वेळेवर घेतली आणि रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे कमी झाला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. औषध आहे, दवाखाना आहे, कायदा आहे. तिथपर्यंत पोचण्याची वाट भीतीने अडवली आहे आणि ती आपण मोकळी करू शकतो.

हे काम करणाऱ्या ताईंनो, एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर बोला. वकील हवा असेल तर १५१००. अडचणीतल्या मुलासाठी १०९८. हे तिन्ही क्रमांक मोबाइलमध्ये आजच साठवा आणि मैत्रिणींना द्या.

बाकी आपण सर्वांनी हे आवाहन गणेश मंडळाच्या, बचत गटाच्या, ग्रामसभेच्या बैठकीत वाचावं आणि तिथेच ठरवावं, की आपल्या हद्दीत कुणाही बाईला निरोधाचा आग्रह धरला म्हणून मार खावा लागणार नाही. तिने नाही म्हटलं तर गाव तिच्या पाठीशी उभं राहील. ही बैठक या आठवड्यातच बोलवा. हंगाम तोंडावर आला आहे.