शाहिरांच्या वह्या आणि आपले कर्तव्य



बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीनिमित्त प्रसिद्ध होणारी ही वार्षिक स्मरणिका वाचकांच्या हाती देताना आम्हांस नेहमीप्रमाणे आनंद होत आहे. या पानावर बहुधा धम्म, शिक्षण वा राजकारण यांवरील विचार मांडले जातात. यंदा आम्ही निराळा विषय घेतला आहे. कलावंतांच्या स्वाक्षऱ्या, गीतांची हस्तलिखिते, कार्यक्रमांची हस्तपत्रके, ध्वनिफिती आणि वाद्ये यांचा संग्रह, हा तो विषय होय.

प्रथमदर्शनी हा रिकामटेकड्या हौशी माणसांचा छंद वाटेल. परंतु यंदाच्या नियोजनाच्या बैठकीत एक सूचना पुढे आली आणि हा विषय मंडळाच्या दारात येऊन उभा राहिला. महाराष्ट्रातील जुन्या शाहिरांच्या व गायकांच्या घरून त्यांच्या हस्ताक्षरातील वह्या, स्वाक्षरीची छायाचित्रे आणि वाद्ये विकत आणावीत, मेळाव्यात त्यांचा लिलाव करावा आणि येणाऱ्या रकमेतून गरजू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती निधी उभारावा, अशी ती सूचना होती. सुचविणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तरीही ती सूचना आम्हांस मान्य होण्यासारखी वाटत नाही. त्याची कारणे सभासदांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ज्या पाश्चात्त्य जगात आपण राहतो तेथे अशा वस्तूंचा मोठा बाजार आहे. बॉब डिलन यांच्या एका गीताच्या हस्तलिखित मसुद्याला २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात वीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. संगीतकार माहलर यांच्या दुसऱ्या सिंफनीचे हस्तलिखित २०१६ साली लंडनमध्ये पंचेचाळीस लाख पौंडांना गेले. जेथे एवढा पैसा तेथे लबाडीही आलीच. बीटल्स या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाच्या नावे फिरणाऱ्या कित्येक स्वाक्षऱ्या त्यांच्या मदतनिसांनीच ठोकून दिलेल्या होत्या, हे आता सर्वश्रुत आहे. म्हणून जाणकार संग्राहक वस्तू पाहण्याआधी तिचा प्रवास विचारतो. ही कोणाकडून आली, कोणत्या साली, कोणाच्या समक्ष? या प्रश्नांना उत्तर नसेल तर तो वस्तू खाली ठेवतो. वैद्यकाच्या व्यवसायात नाव, तारीख आणि पूर्ववृत्त नसलेल्या केसपेपरची जी किंमत, तीच पूर्वेतिहास हरवलेल्या वहीची.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या समाजात स्वाक्षरीला बाजारभावापलीकडचा अर्थ आहे. ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या अंगठाच उठवावा लागला, त्यांच्या दृष्टीने स्वतःच्या हाताने लिहिलेले स्वतःचे नाव हीच एक क्रांती होती. महाकवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी जन्मलेल्या या माणसाला बालपणी शाळा मिळाली नाही. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. आणि त्याच हाताने पुढे हजारो गीते लिहिली. अशा हाताने लिहिलेले एखादे पान म्हणजे आपल्या मुक्तिसंग्रामाचा प्रथम दर्जाचा दस्तऐवज आहे.

आपल्या कवींची आणखी एक स्वाक्षरी असते, ती गीताच्या पोटात. अखेरच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. संतांपासून चालत आलेली ही नाममुद्रेची रीत लोकशाहिरांनी चालविली आणि वामनदादांच्या गीतांतून ‘वामन’ हे नाव घरोघरी पोहोचले. छापखाना, प्रकाशक, मानधन यांपैकी काहीच हाताशी नसलेल्या कवीने आपल्या कर्तृत्वाची नोंद ठेवण्यासाठी योजलेला हा उपाय होता. परंतु गाणे लांबले म्हणून एखाद्या गायकाने शेवटचे कडवे गाळले, वा ध्वनिफितीच्या वेष्टनावर गायकाचेच नाव मोठे छापले गेले, की कवी पुसला जातो. तेव्हा साक्ष उरते ती फक्त वहीची.

वामनदादांच्या बऱ्याच आधी, १९३० च्या दशकात, आंबेडकरी जलशांनी खेडोपाडी चळवळ नेली. सत्यशोधकी जलशांचा वारसा त्यांना लाभला होता. भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या जलशाने नाशिक जिल्ह्यातून सुरुवात करून महाराष्ट्रभर जागृती केली. तमाशाचा साचा घेऊन त्यातला आशय पार बदलून टाकण्याचे कौशल्य या मंडळींनी दाखविले. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याचे जुनी माणसे सांगत आली आहेत. गण, बतावणी, फार्स, पोवाडा यांच्या संहिता हाताने लिहिल्या जात, पाठ केल्या जात, एका पार्टीकडून दुसरीकडे उतरून घेतल्या जात. पुढे भीमराव कर्डकांनी स्वतः जलशांविषयी ग्रंथ लिहिला म्हणून त्या पर्वाची माहिती आज आपल्याला आहे. ज्या जलसाकारांना असे लेखन करता आले नाही, त्यांच्या वह्यांचे काय झाले असेल? काही पावसाच्या गळतीत भिजल्या असतील, काही वाळवीने खाल्ल्या असतील, काही रद्दीत गेल्या असतील. आपल्यापैकी अनेकांच्या मूळ गावी हेच घडलेले आहे.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जलशांची जागा गायन पार्ट्यांनी आणि कव्वालीच्या सामन्यांनी घेतली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते अशा गायकांनी भीमगीतांना घराघरांत नेले. मग कॅसेटचा काळ आला. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग मांडलेले असत. परदेशी आलेल्या आपल्या पिढीने सामानाच्या पेटीत कपड्यांच्या घड्यांमध्ये याच कॅसेट आणल्या. २००४ साली वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे हे दोघेही गेले. २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रम सुरू असतानाच विठ्ठल उमप व्यासपीठावर कोसळले आणि त्यांची प्राणज्योत मालवली. अशा प्रत्येक निधनाबरोबर कागदावर न उतरलेले बरेच काही जाते.

ज्या देशात आपण स्थायिक झालो, तेथील कृष्णवर्णीय बांधवांनी या बाबतीत घालून दिलेला धडा अभ्यासण्यासारखा आहे. पोर्तो रिकोत जन्मलेले आर्तुरो शॉम्बर्ग यांनी आपल्या लोकांची पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे आयुष्यभर जमविली. १९२६ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने कार्नेगी निधीच्या दहा हजार डॉलरांतून तो संग्रह घेतला आणि त्यातून हार्लेममधील आजचे शॉम्बर्ग केंद्र उभे राहिले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले तेथून ते फार दूर नाही. थोर वादक लुई आर्मस्ट्राँग यांनी आपल्या घरी संभाषणांच्या व संगीताच्या शेकडो फिती मुद्रित करून ठेवल्या आणि त्यांच्या डब्यांवर कात्रणांची चित्रे स्वहस्ते चिकटविली. क्वीन्समधील त्यांचे ते घर २००३ पासून संग्रहालय म्हणून सर्वांना खुले आहे. वॉशिंग्टनमधील आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीचे राष्ट्रीय संग्रहालय २०१६ साली उघडले, तेव्हा त्यातील असंख्य वस्तू सामान्य कुटुंबांच्या माळ्यांवरून आणि ट्रंकांतून आलेल्या होत्या. संग्रहालयाची माणसे गावोगावी जाऊन लोकांना म्हणत होती, घरातील जुन्या वस्तू घेऊन या, त्या कशा सांभाळायच्या ते आम्ही दाखवितो.

बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना लिहिलेले पत्र आज आपल्याला वाचता येते, कारण द्यु बॉइस यांनी आपला पत्रव्यवहार जपला आणि तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने सांभाळला. आपल्याकडेही अशी निष्ठा दिसलेली आहे. नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू वामनराव गोडबोले यांनी नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात आणून ठेवल्या. वसंत मून यांनी बाबासाहेबांच्या हस्तलिखितांवर परिश्रम घेतले नसते तर १९७९ पासून निघालेले त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड आपल्या हाती पडले नसते. बाबासाहेबांच्या बाबतीत जे झाले ते त्यांच्या शाहिरांच्या बाबतीतही व्हावयास हवे.

आता लिलावाच्या सूचनेकडे येऊ. पहिली अडचण कायद्याची. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोल असलेले पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावशेष ठरू शकते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. जलशांच्या काळातील वह्या या मुदतीपलीकडे गेल्या आहेत. दुसरी गोष्ट अशी की, वही विकत घेतली म्हणून गीत विकत मिळत नाही. भारतीय कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे गीतांवरील हक्क त्याच्या वारसांचा असतो. तिसरी अडचण न्यायाची. लिलावात भाव येतो तो प्रसिद्ध नावाला. ज्या ढोलकीवाल्याने, कोरसमध्ये साथ करणाऱ्या ज्या बाईने चाळीस वर्षे गावोगावची धूळ खाल्ली, त्यांच्या वहीला कोण बोली लावणार? दळण दळताना बाबासाहेबांच्या ओव्या गाणाऱ्या मायमाऊल्यांनी तर कधी स्वाक्षरीच केली नाही. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने पुण्यातून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या म्हणून बीड जिल्ह्यातील माजलगावसारख्या ठिकाणच्या स्त्रियांनी गायिलेल्या भीमाच्या ओव्या टिकल्या. त्या ओव्यांना बाजारात मोल नव्हते. इतिहासात मात्र फार मोठे आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे, आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. शाहिरांची अनेक कुटुंबे हलाखीत आहेत. वही विकून त्यांच्या हाती चार पैसे पडत असतील तर सुखवस्तू अनिवासी मंडळींनी त्यांना इतिहासाचे पावित्र्य शिकवू नये, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. म्हणूनच आमचा आग्रह असा की, पैसे अवश्य द्यावेत, परंतु वही घेण्यासाठी देऊ नयेत. वहीची छायाचित्रे घेण्याची परवानगी मागावी, त्याचे मानधन घरी जाऊन सन्मानाने द्यावे, छायाचित्रांची एक प्रत त्या कुटुंबालाच द्यावी. मूळ वही घरात राहावी, किंवा कुटुंबाची इच्छा असेल तर जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात लेखी पावती घेऊन ठेवावी. ध्वनिमुद्रणांसाठी १९८२ पासून काम करीत असलेले गुरुग्राम येथील लोकसंगीत अभिलेखागारासारखे ठिकाणही आहे.

आणि आपल्या स्वतःच्या घरांचे काय? येथेही कपाटांत, तळघरांत खजिना पडून आहे. चुंबकीय फितींचा काळ संपत आल्याचा इशारा युनेस्को व ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ सालीच दिला होता. फीत झिजते, आणि ती वाजविणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारे हात त्याहून लवकर संपतात. तेव्हा पुढील गोष्टी प्रत्येक घराने कराव्यात. कॅसेटच्या वरच्या कडेवरील दोन लहान पट्ट्या मोडाव्यात, म्हणजे चुकून दुसरे काही मुद्रित होणार नाही. साफ केलेल्या यंत्रावर ती एकदा वाजवून संगणकावर पूर्ण दर्जाची प्रत करावी आणि अशा तीन प्रती निदान दोन ठिकाणी ठेवाव्यात. कागदाला चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करून घेऊ नये, दमट तळघरात ठेवू नये. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहावे. मुख्य म्हणजे गीत कोणी लिहिले, कोणी गायिले, ढोलकीवर कोण होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून टिपून ठेवावे. आमच्या व्यवसायाने आम्हांस एवढे शिकविले आहे की, स्मृती जाऊ लागली की ती परतण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

मंडळापुढे आम्ही असा प्रस्ताव ठेवीत आहोत. लिलाव रद्द करावा. शिष्यवृत्ती निधी पूर्वीप्रमाणे वर्गणीतून उभारावा. सुट्टीत भारतात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या मूळ गावच्या एका तरी जुन्या गायकाच्या वा त्याच्या वारसांच्या घरी जावे, त्यांच्या परवानगीने वहीची छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांचे बोलणे मुद्रित करून आणावे. मानधनाचा भार मंडळाने उचलावा. पुढील स्मरणिकेत स्वाक्षऱ्यांच्या छायाचित्रांऐवजी अशा कलावंतांची नावे, गावे व कार्य यांची नोंद छापावी. आपल्या मुलांपैकी ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांना यंत्रे चालविता येतात. त्यांना या कामात घ्यावे. वहीतील अक्षर लावता लावता ती मराठीही शिकतील.

 प्रस्तावावरील चर्चा मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात होईल. सभासदांनी आपली मते, आणि शक्य झाल्यास घरातील जुन्या कॅसेटची यादी, सोबत आणावी.

जयभीम! नमो बुद्धाय!

संपादक